शेजाऱ्याची साक्ष

केळीच्या दोन फण्या आपल्यासमोर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. रंग सारखा, आकार सारखा, गोडीही बहुधा सारखीच. त्यांतील एक फणी रासायनिक खते आणि विषारी फवारे यांच्यावर पोसलेल्या बागेतली आहे, तर दुसरी शेणखत, पालापाचोळा आणि निंबोळीचा अर्क यांच्यावर वाढलेल्या बागेतली. कोणती कोठली, हे आपण सांगू शकाल काय? गिऱ्हाईक सांगू शकणार नाही. चाळीस वर्षे केळीचा व्यापार केलेला माणूसही छातीठोकपणे सांगणार नाही. हे खात्रीने सांगू शकेल असा माणूस एकच, आणि तो म्हणजे ज्याने ती बाग लागवडीपासून घड उतरेपर्यंत येताजाता पाहिली, तो बांधाला बांध लागून असलेला शेजारी. या शेजाऱ्याच्या साक्षीला बाजारात काही किंमत येऊ शकते काय, आणि यावी यासाठी काय करावे लागेल, एवढाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

आमचा बुऱ्हाणपूर जिल्हा मध्य प्रदेशात आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी तो पूर्व निमाडातून, म्हणजे खंडवा जिल्ह्यातून, वेगळा झाला. परंतु तापीचे पाणी, केळीचे पीक आणि लग्नाच्या सोयरिकी यांनी तो खानदेशाशी पूर्वापार बांधलेला आहे. रावेर-यावलची केळी आणि आमची केळी यांच्यामध्ये राज्याची सीमा येते, माती मात्र तीच राहते. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत सरकारने आमच्या जिल्ह्यासाठी केळीचीच निवड केली. नदीकाठचा बागायतदार केळी पिकवतो, तर नेपानगर-खकनारच्या डोंगराळ भागातील कोरकू, बारेला, भिलाला शेतकरी पावसाच्या भरवशावर कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन घेतो. एकाच्या शेतात ठिबकच्या नळीतून युरिया आणि पोटॅश जाते. दुसऱ्यापाशी कित्येकदा खताची गोणी घ्यावयाला पैसाच नसतो.

केळ हे मोठे खादाड पीक आहे. तिची मुळे जमिनीत फार खोल जात नाहीत, आणि वर्षभरात तिला एवढा मोठा घड द्यावयाचा असतो. म्हणून तिला खाऊ-पिऊ घालणे भाग पडते. मात्र ते कशातून घालावयाचे, हा प्रश्न आहे. दरवर्षी खताची मात्रा वाढते, करप्यासाठी फवारे वाढतात, खर्चाचा आकडा वाढतो आणि जमीन मात्र कडक होत जाते, ही तक्रार आज गावोगाव ऐकू येते. फवाऱ्याची दुसरीही एक बाजू आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप बांधणारा हा बहुधा सालदार किंवा रोजंदारीचा मजूर असतो. म्हणून सेंद्रिय शेतीचा विचार हा केवळ शहरातील सुखवस्तू कुटुंबाच्या ताटाचा विचार नव्हे. तो त्या पंपवाल्याच्या फुप्फुसांचाही विचार आहे.

काही लोक म्हणतात की, सेंद्रिय शेती हे परदेशातून आलेले नवे खूळ आहे. त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात आपल्या शेजारच्या इंदुरात होते. तेथील संस्थेत कापसाच्या पिकाचा अभ्यास करीत असता, शेतातील काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन उत्तम खत कसे करावे, याची पद्धती त्यांनी बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धती’ म्हणूनच ओळखली जाते. १९३१ साली या विषयावर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्या नावाबरोबर यशवंत वाड या आपल्या माणसाचेही नाव आहे. केळीचा घड उतरल्यावर जे भले मोठे खोड मागे राहते, ते बांधावर फेकून न देता कुजवून पुन्हा बागेलाच घालणे, हे त्याच विद्येचे आजचे रूप होय. विद्या आपल्या दाराशी जन्मली आहे. तेव्हा अडचण विद्येची नाही.

अडचण आहे ती विश्वासाची. ‘विश्वास पानिपतावर मेला’ असे आपण विनोदाने म्हणतो, पण बाजारात तो विनोद राहत नाही. शेतकरी म्हणतो, ‘मी विष घातलेले नाही.’ गिऱ्हाईक म्हणते, ‘कशावरून?’ बाजार समितीच्या लिलावात घडाचे वजन, आकार आणि तकाकी पाहिली जाते. तो कसा वाढवला, हे कोणी विचारीत नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु असे मानांकन माल कोठला, हे सांगते. शेतात काय घातले, हे सांगणे त्याचे काम नव्हे. त्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते.

हे प्रमाणपत्र देण्याची एक रीत आपल्या देशात २००१ पासून रूढ आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली मान्यता मिळालेली एखादी त्रयस्थ संस्था आपला निरीक्षक पाठवते, तो कागदपत्रे व शेत पाहतो आणि मग शिक्का मिळतो. परदेशी माल पाठवावयाचा तर हीच वाट आहे. मात्र तिचा खर्च दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला एकट्याने पेलणारा नाही. कमीत कमी २५ आणि जास्तीत जास्त ५०० शेतकऱ्यांनी गट करून हे प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे, परंतु तिलाही कारकुनी, अंतर्गत तपासनीस आणि एखाद्या कंपनीचा आधार लागतो. पुष्कळदा प्रमाणपत्र त्या कंपनीच्या हाती राहते आणि शेतकऱ्याचे नाव केवळ यादीत उरते.

आणि एवढा खर्च करूनही खात्री पटते काय? २०२० साली सेंद्रिय कापडाचे मानक सांभाळणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेला भारतातील सुमारे २०,००० टन कापसाची कागदपत्रे बनावट असल्याचे आढळले, आणि ११ कंपन्यांवर तिने बंदी घातली. त्रयस्थ तपासणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मी काढीत नाही. पुष्कळ निरीक्षक प्रामाणिकपणे राबतात. अर्थ एवढाच की, शेतापासून दूर गेलेला कागद शेतापासून दूरच खोटा होऊ शकतो, आणि त्याची वार्ता ज्याच्या नावावर तो कागद निघाला त्या शेतकऱ्यालाही नसते.

मी शिक्षक आहे, म्हणून माझ्या धंद्यातला दाखला देतो. बाहेरचा परीक्षक वर्षातून एक दिवस येतो. त्याला मुलाचे नाव ठाऊक नसते, हा त्याचा गुण. आणि मूल ठाऊक नसते, हा त्याचा दोष. वर्गशिक्षकाला मूल वर्षभर ठाऊक असते. ते केव्हा अभ्यास करते, केव्हा शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवते, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. परंतु माया आणि भीड यांमुळे त्याचा हात सैल पडण्याचा धोका असतो. शेतीच्या प्रमाणपत्राचे नेमके असेच आहे. त्रयस्थ निरीक्षक हा बाहेरचा परीक्षक, आणि शेजारी हा वर्गशिक्षक.

शेजाऱ्याच्या या ज्ञानाला कायद्याची मान्यता देणारी दुसरी रीत आता आपल्याकडे आली आहे. तिला सहभागी हमी पद्धती म्हणतात. सरकारी कागदांत ती पी.जी.एस. या अक्षरांनी ओळखली जाते. लहान शेतकऱ्यांनी आपली हमी आपणच द्यावी, हा विचार अनेक देशांत वेगवेगळा वाढत होता. २००४ साली ब्राझीलमधील टोरेस या गावी त्या सर्वांची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. भारतात २००६ च्या सुमारास स्वयंसेवी संस्थांनी हे काम हाती घेतले, आणि २०११ मध्ये गोव्यात त्यांच्या परिषदेची रीतसर नोंदणी झाली. केंद्रीय कृषी मंत्रालयानेही आपली स्वतंत्र पद्धती उभी केली, आणि २०१५ साली परंपरागत कृषी विकास योजना सुरू झाली तेव्हा तिचा पाया म्हणून हीच पद्धती घेतली. २०१७ च्या सेंद्रिय अन्नपदार्थांच्या नियमांनी त्रयस्थ प्रमाणपत्राच्या जोडीने या प्रमाणपत्रालाही देशातील बाजारापुरती मान्यता दिली.

तिची रचना सोपी आहे. एकाच किंवा लगतच्या गावांतील निदान पाच शेतकऱ्यांनी गट करावयाचा. प्रत्येकाने आपल्या जमिनीचा तपशील लिहून द्यावयाचा आणि निषिद्ध खते व औषधे वापरणार नाही, अशी प्रतिज्ञा सर्वांसमक्ष घ्यावयाची. गटातील निदान तिघांनी मिळून प्रत्येक सभासदाचे शेत प्रत्यक्ष पाहावयाचे, ठरलेला तक्ता भरावयाचा आणि मग सर्व गटाने एकत्र बसून निर्णय घ्यावयाचा. प्रादेशिक परिषद कागद तपासते, मधूनमधून नमुने तपासणीसाठी घेतले जातात, आणि मग प्रमाणपत्र निघते. हंगामी पिकांना २४ महिने आणि बहुवार्षिक पिकांना ३६ महिने संक्रमणाचा काळ मानला जातो. तोपर्यंत मालावर ‘ग्रीन’ची खूण लागते, काळ पुरा झाल्यावर ‘ऑरगॅनिक’ची. येथे निरीक्षकाच्या फीचा बोजा नाही. खर्च होतो तो वेळेचा आणि, थोडे अवघड शब्दांत सांगावयाचे तर, मनोधैर्याचा.

गावाने गावाविषयी दाखला द्यावा, ही कल्पना आमच्या जिल्ह्याला अपरिचित नाही. जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळाने पाणी पोहोचल्याचे प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा म्हणून बुऱ्हाणपूरचे नाव जाहीर झाले. हे प्रमाण काही केवळ अधिकाऱ्यांच्या सहीने पुरे झाले नाही. जिल्ह्यातील २५४ गावांच्या ग्रामसभांनी, ‘होय, आमच्या गावात प्रत्येक घरी पाणी येते’, असे ठराव केले. ज्याच्या घरी नळ आला नसेल, त्याने सभेत उठून सांगावे, अशी ती व्यवस्था होती. पाण्याच्या बाबतीत आमचे पूर्वजही एकमेकांवर विसंबून होते. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेला आमचा कुंडी भंडारा म्हणजे जमिनीखालच्या कालव्याने एकमेकींना जोडलेल्या विहिरींची रांग आहे. वरच्या कुंडीत घाण पडली, तर ती खालच्या सर्वांच्या घागरीत येणार, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु नळाचे पाणी आणि शेतातील विष यांत एक मोठे अंतर आहे. नळ कोरडा असला तर तो सर्वांना दिसतो. विषाचे तसे नाही. ते रात्री टाकले जाते आणि सकाळपर्यंत जमिनीत मुरते. म्हणूनच येथे एका दिवसाच्या सभेने भागत नाही. हंगामभर उघडे असलेले डोळे लागतात. आणि असे डोळे शेजाऱ्याला असतात. पाणी दिल्यावर चार दिवसांत बाग एकाएकी काळीभोर हिरवी झाली, तर त्याला युरियाचा संशय येतो. तण खुरप्याने निघाले की तणनाशकाने एकसारखे पिवळे पडून जळाले, हे त्याला रस्त्यावरून कळते. गोठ्याच्या आढ्याला खोचलेली रिकामी पिशवी त्याच्या नजरेला पडते. निंदणीला जाणाऱ्या बायांना तर पुरुषांपेक्षाही अधिक ठाऊक असते. कोणत्या शेतात यंदा निंदणीचे काम निघालेच नाही, हे त्यांच्या मजुरीच्या हिशेबातच दिसते.

तेव्हा प्रश्न शेजाऱ्याला ठाऊक असण्याचा नाही. ठाऊक असलेले तो बोलेल काय, हा आहे. आपण असे समजा की, गटातील तिघे जण एका वडीलधाऱ्या सभासदाच्या शेतात गेले आहेत. बांधाच्या आड औषधाची बाटली पडलेली दिसते. तिघांनीही ती पाहिली आहे. एकाच्या मुलीच्या लग्नात याच गृहस्थाने मांडवाचा भार उचललेला असतो. दुसऱ्याचे बैल त्याच्याकडे चरतात. तिसरा त्याचा भाचेजावई. चहा येतो, गप्पा होतात, आणि तक्त्यावर ‘ठीक’ असा शेरा पडतो. ‘जाऊ द्या भाऊ, एकदा झाले असेल’ असे म्हणून तिघेही उठतात. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या म्हाताऱ्या माणसांनी उगाच म्हटलेले नाही. त्या एका शेऱ्याने उरलेल्या सर्वांची दोन-दोन वर्षांची तपश्चर्या धोक्यात येते. कारण पुढे एखाद्या नमुन्यात विष सापडले, तर नाव एकाचे नव्हे, गटाचे जाते. आणि गटाचे नाव गेले की गिऱ्हाईक त्या वाटेला पुन्हा फिरकत नाही.

या भिडेवर उपाय नाही काय? आहे, परंतु तो प्रसंग येण्यापूर्वी करून ठेवावा लागतो. पहिली गोष्ट, ज्याचे शेत मी तपासले त्यानेच माझे तपासू नये. नाहीतर तो सौदा होतो. तपासणाऱ्या तिघांत एक जण दुसऱ्या वाडीचा असावा, आणि एक स्त्री असावी. दुसरी गोष्ट, तक्ता घरी बसून भरू नये. शेतातच भरावा आणि सभेत मोठ्याने वाचावा. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, दंड आधी ठरवावा. ज्याच्या हातून चूक झाली आणि ज्याने ती आपण होऊन सांगितली, त्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी, पण त्याला गटात ठेवावे. ज्याने लपवले त्याला मात्र बाहेर करावे. कीड पडली, कर्ज अंगावर आहे, हातातोंडाशी आलेला घड जातो आहे, अशा वेळी माणसाचा धीर सुटणे अशक्य नाही. त्याला खरे बोलण्याची वाट मोकळी ठेवली, तर शेजाऱ्यालाही बोलणे सोपे जाते. कारण मग त्याचे बोलणे शेजाऱ्याला बुडवणारे ठरत नाही.

बाहेरच्या धोक्याचीही व्यवस्था पाहिली पाहिजे. गटाबाहेरच्या शेजाऱ्याचा फवारा वाऱ्याबरोबर आपल्या बागेत येतो. केळीभोवती वारा अडवण्यासाठी शेवरी किंवा उंच गवत लावण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. येथे तिचा दुहेरी उपयोग होतो. आणि त्या शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा फवारणीच्या दिवशी निरोप देण्याचे त्याच्याकडून कबूल करून घेणे अधिक शहाणपणाचे.

आता या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो, म्हणजे कोणाचा भ्रम होणार नाही. या प्रमाणपत्रावर माल परदेशी पाठवता येत नाही. प्रमाणपत्र हाती आले म्हणून मंडईत भाव आपोआप चढत नाही. त्यासाठी शहरातील कुटुंबे, वसतिगृहे, उपाहारगृहे यांच्याशी गटाने स्वतः संबंध जोडावे लागतात. आणि पहिली वर्षे कठीण जातात. शेजारच्या खरगोन जिल्ह्यात कसरावद येथे २००७ पासून स्वित्झर्लंडच्या एका संशोधन संस्थेच्या पुढाकाराने सेंद्रिय व रासायनिक शेतीची तुलना चालू आहे. तेथे पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापसाचे उत्पादन २९ टक्के आणि गव्हाचे २७ टक्के कमी आले. पुढील दोन वर्षांत रासायनिक शेतीचे उत्पादन घटल्यामुळे ती तफावत जवळपास राहिली नाही, आणि खर्च कमी असल्यामुळे सेंद्रिय शेतीत हाती उरलेली रक्कम २५ टक्क्यांनी अधिक भरली. याचा सरळ अर्थ असा की, पहिली दोन वर्षे शेतकऱ्याला आधार हवा. तो सरकारने द्यावा, सहकारी संस्थेने द्यावा, पण काही प्रमाणात तो गिऱ्हाइकानेही द्यावा. ‘ग्रीन’ची खूण असलेला माल आपण आज घेतला, तरच तो शेतकरी ‘ऑरगॅनिक’च्या खुणेपर्यंत टिकून राहील.

डोंगराळ भागातील कोरडवाहू शेतकऱ्याला ही वाट थोडी सोपी आहे. कारण त्याच्या जमिनीला रसायनांची सवयच कमी लागली आहे. त्याला अडते ते लिहिण्यापाशी. नोंदवही, तक्ते, तारखा यांना तो बिचकतो. येथे गावातील शिक्षकाला आणि वरच्या वर्गांतील मुलांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मुलाने आपल्या बापाच्या शेतात कोणत्या दिवशी काय घातले, हे वहीत उतरवले, तर त्याला शुद्धलेखन, हिशेब आणि शेती हे तिन्ही विषय एकदम येतील. शिवाय मुलाच्या हाताने खोटी नोंद करवणे बापाला जड जाते, हा लाभ वेगळाच.

श्रोतेहो, गावात एकमेकांना सांभाळून घेण्याची रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. परंतु सांभाळून घेणे आणि झाकून घेणे यांत फरक आहे. ज्या गावातील शेजारी शेजाऱ्याला, ‘भाऊ, यंदा तुझ्या मालावर मला सही करता येत नाही, पुढच्या वर्षी मात्र मी तुझ्याबरोबर आहे’, असे तोंडावर सांगू शकतो, आणि ऐकणारा ते ऐकून पुन्हा त्याच ओट्यावर बसू शकतो, त्या गावाच्या प्रमाणपत्राला किंमत आहे. पुढच्या वेळी आपण केळी घ्यावयाला जाल, तेव्हा अशा गटाची खूण शोधा, आणि जमले तर एकदा त्यांच्या बागेतही जाऊन या. शेजाऱ्याइतके आपल्याला दिसणार नाही. परंतु आपण पाहावयाला येतो, एवढे जरी त्यांना कळले, तरी शेजाऱ्याच्या जिभेला बळ येईल.